पाठमोरे पाळकसाहेब

घोलप पाळकसाहेबांची स्मरणसभा परवा त्यांच्या चर्चमध्ये झाली. मी मागच्या बाकावर बसले होते. मी काही त्यांच्या मंडळीतली नाही. आम्ही परब, मालवणकडचे. घरात गणपती, गौरी, म्हाळ सगळं रीतसर. पण नाहूरच्या आमच्या जुन्या चाळीत त्यांची खोली आणि आमची खोली भिंतीला भिंत लावून होती, आणि चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा बिल्डरच्या चिठ्ठीत आमची दारं समोरासमोर आली. तेव्हा मागच्या बाकावर बसण्याइतका माझा हक्क आहे असं मी धरून चालते.

एकामागून एक वक्ते बोलले. कुणी त्यांना मंडळीचा आधारस्तंभ म्हटलं, कुणी दीपस्तंभ. स्तंभांची नुसती रांग लागली. नगर जिल्ह्यातल्या कुठल्या गावी जन्म, कुठं शिक्षण, कुठं पहिली नेमणूक, नाहूरला पत्र्याच्या शेडमध्ये मंडळी कशी उभी केली, सगळं सांगून झालं. खोटं त्यात काहीच नव्हतं. पण त्या भाषणांतून माणूस काही मला दिसेना. मला ते आठवतात ते पाठीकडून, आणि त्यांच्या पाठीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

पाळकसाहेब बुटके, रुंद अंगाचे, काळेसावळे. डोक्याला मधोमध टक्कल आणि भोवती पांढऱ्या केसांची झालर. अंगात बाहेर सोडलेला पांढरा बुशशर्ट, काखेत साडीच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं शास्त्र, म्हणजे त्यांचं बायबल. रोज संध्याकाळी ते घरभेटीला निघायचे. त्यांच्या मंडळीत पाळकानं घरोघर जाऊन विचारपूस करायची, प्रार्थना करायची अशी पद्धतच आहे. दारावर दोन टकटक द्यायची आणि लगेच पाठ फिरवून उभं राहायचं. दार उघडं असलं तरी टकटक, आणि तरीही पाठ. आतून 'या' म्हणेपर्यंत मान वळवायची नाही.

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले ते माझी आई न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा. आई खाटेवरून ओरडली, "कोण तो गो? भिंतीक तोंड करून कित्याक उभो?"

मी म्हटलं, "अगं, शेजारचे पाळकसाहेब आहेत."

"ह्यो माका बाटवूक इलो काय?"

हे सगळं त्यांना ऐकू जात होतं. पाठ थोडी हलली. ते हसत होते.

पुढं ओळख वाढल्यावर मी त्यांना विचारलंच, की हे पाठ फिरवून उभं राहणं काय प्रकरण आहे? ते म्हणाले, "नलूताई, मी नवा नवा पाळक होतो. तिकडं एका वस्तीवर गेलो. दार उघडंच होतं, म्हणून आमच्या रीतीनं 'सलाम' म्हणत सरळ आत शिरलो. माणसं जेवायला बसली होती. बाईनं पटकन ताट पदराखाली घेतलं, पण मी पाहिलं होतं. एक भाकर होती, सगळ्यांत मिळून एक, आन् मिरच्या. बाई माझ्याशी हसून बोलली. पण पुढं ती चर्चला कधी आली नाही. येणार कशी? मी तिचं ताट पाहिलं होतं." मग म्हणाले, "गरिबाच्या घराला घर व्हायला दोन मिनिटं लागतात. तेवढी त्याला देत जावीत."

ती दोन मिनिटं आमच्या चाळीनं वर्षानुवर्षं वापरली. टकटक झाली की दोरीवरचे परकर खाली यायचे, पुरुष शर्ट चढवायचे, उपाशी पोरांच्या हातात अभ्यासाचं पुस्तक यायचं. नवराबायकोचं भांडण ऐन रंगात असेल तर तिथंच गिळलं जायचं. साळव्यांच्या घरात बाटली कुठल्या डब्यामागे जाते हे सगळ्या मजल्याला माहीत होतं. एकदा आत काहीतरी खळ्ळकन् फुटलं. पाळकसाहेब भिंतीकडे बघतच म्हणाले, "सावकाश, साळवे. मला घाई नाही." चाळ आठवडाभर त्यावर हसत होती. साळव्यांनी त्यानंतर दारू सोडली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. त्यांनी डबा बदलला.

दुसरी सवय नावांची. आत येऊन बसले की ते विचारायचे, "घरात कोण कोण?" मग एकेक नाव सांगायचं. नावाशिवाय प्रार्थना त्यांना चालत नसे. 'या कुटुंबाला आशीर्वाद दे' असलं घाऊक काम नाही. आजारी माणसाचं नाव, कामावर गेलेल्याचं नाव, परीक्षेला बसलेल्या पोरीचं नाव. आमच्या मजल्यावर कांबळे राहायचे. ते बौद्ध, आणि देवाधर्माच्या नावानं उखडणारे. ते म्हणायचे, "साहेब, तुमची प्रार्थना आपल्याला नको, पण पोराचं नाव घ्या. तुम्ही नाव घेतलं की तो घाबरून अभ्यास करतो."

आईच्या खाटेशी बसून त्यांनी तेच विचारलं. आई म्हणाली, "मी आणि ही नलू. बस्स."

"आणखी कोण?"

"आणखी कोण नाय."

ते शास्त्राची पिशवी मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले. मला माझ्या जागी बसवेना. कारण आणखी एक जण होता. माझा भाऊ रवी. वडिलांशी भांडून दहिसरला निघून गेलेला, आणि त्याचं नाव आमच्या घरात काढायचं नाही असा वडिलांनी दंडक घातलेला. वडील जाऊन काळ लोटला तरी दंडक तसाच होता. आई बराच वेळ छताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "रवी."

त्यांनी तिघांची नावं घेऊन प्रार्थना केली. आमच्या घरात इतक्या वर्षांनी ते नाव मोठ्यानं उच्चारलं गेलं आणि आकाश काही कोसळलं नाही. त्यानंतर आईची आणि त्यांची गट्टीच जमली. बाटण्याची भीती कुठल्या कुठे गेली. ते आले की ती विचारायची, "रवीचा नाव घेतलात मां?" आणि ते म्हणायचे, "घेतलं, आजी."

रवी आला नाही. आई गेली तेव्हा आला, खांदा द्यायला. मी पाळकसाहेबांवर चिडले. म्हटलं, "काय उपयोग झाला तुमच्या नाव घेण्याचा?" ते दारात उभे होते, या वेळी तोंड माझ्याकडे. म्हणाले, "मी नुसतं नाव घेतो, ताई. पुढचं माझ्या हातात नसतं." मला ते उत्तर तेव्हा फार तोकडं वाटलं. आजही वाटतं. पण दुसरं कुठलं उत्तर त्यांनी कधी दिलं नाही, आणि कुणी दिलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं.

आता पाळकीणबाईंबद्दल. उंच, सडसडीत, नाकावर चष्मा, आणि जीभ अशी की कांद्यावाल्यालाही भाव करताना घाम फुटावा. रविवारी मुलांना शब्बाथशाळेत शिकवायच्या, नाताळात अख्ख्या चाळीला पुरतील एवढ्या करंज्या करायच्या. सगळं जग त्यांना पाळकीणबाई म्हणायचं. नाशिकला दिलेली मुलगी आई म्हणायची, भाचेकंपनी काकी. मीही बाईच म्हणायचे. त्यांना स्वतःचं नाव आहे हे चाळीला कळायचं ते दिवसातून एकदाच. पाळकसाहेब छत्री विसरायचे. जिना उतरून अंगणात गेले की त्यांना आठवण व्हायची, आणि मग ते खालून वर तोंड करून हाक मारायचे, "सुमती, छत्री!"

वर्षाचे बारा महिने छत्री. उन्हाला छत्री, पावसाला छत्री, कुत्र्यांना छत्री. आणि रोज विसरायची. बाई फणकारत गॅलरीत यायच्या, वरून छत्री सोडायच्या, खाली ते झेलायचे. मी एकदा म्हटलं, "बाई, दाराच्या कडीलाच अडकवून ठेवा ना." त्या म्हणाल्या, "ठेवली होती की. काढून बाजूला ठेवतात आणि जातात." आणि इतक्या लाजल्या की मला विषय बदलावा लागला.

चाळ पडली, टॉवर झाला. पाळकसाहेब तोवर निवृत्त झाले होते, चर्चला नवे तरुण पाळक आले होते, पण घरभेटी काही थांबल्या नाहीत. फक्त दारं बदलली. आता प्रत्येक दाराला बेल, आणि दारात भिंग बसवलेलं. आतला माणूस भिंगातून बघायचा तर त्याला टक्कल आणि झालर दिसायची. तोंड नाही. नवीन राहायला आलेले लोक दचकायचे. नवव्या मजल्यावरच्या शहाभाभींनी वॉचमनला इंटरकॉम केला, "कोई आदमी उलटा खडा है." वॉचमन धावत वर गेला आणि हसत खाली आला. पाळकसाहेबांना मी म्हटलं, "आता लोकांच्या घरात पडदे आहेत, बेडरूम आहेत, लपवायला जागा आहे. वळून उभे राहिलात तरी चालेल." ते म्हणाले, "जागा वाढली की लपवायचंही वाढतं, ताई."

पहिली चुकामूक आम्ही सगळ्यांनी हसण्यावारी नेली. ते शहाभाभींकडे गेले आणि विचारलं, "गायकवाड मास्तर आहेत का?" गायकवाड मास्तर चाळीतले, आणि चाळ पडायच्या आधीच गेलेले. त्यांना मूठमाती दिली होती ती पाळकसाहेबांनीच. शहाभाभी म्हणाल्या, "अंकल, मास्तर तो नहीं है, पण तुम्ही बसा ना." त्यांनी ताक दिलं. पाळकसाहेबांनी घरातल्या सगळ्यांची नावं विचारून घेतली आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली. भाभी खूश. मला म्हणाल्या, "पुन्हा पाठवा हं अंकलना." मग ते पुन्हा गेले, आणि पुन्हा मास्तरांना विचारलं. नंतर पाचव्या मजल्यावर, नंतर शेजारच्या विंगमध्ये. सगळी दारं सारखी, सगळे मजले सारखे, आणि ते चाळ शोधत हिंडत होते.

बाईंना कळलं होतं, पण त्या बोलत नव्हत्या. मलाही कळलं होतं. आम्ही दोघी एकमेकींशी भाजीच्या भावावर बोलायचो.

मग साळव्यांच्या नातीचा बाप्तिस्मा आला. म्हातारे साळवे हट्टाला पेटले, की माझ्या मुलाचा बाप्तिस्मा पाळकसाहेबांनी केला, नातीचाही तेच करणार. नवे पाळक सज्जन, ते म्हणाले, "मी बाजूला उभा राहीन." बाईंनी मला नेलं होतं. त्या पुढच्या बाकावर, मी मागं. पाळकसाहेबांनी पांढरा झगा घातला होता, हात स्थिर होते. उपासनेतला एकेक शब्द त्यांना पाठ, कुठं अडखळले नाहीत. मला वाटलं, आम्हीच उगाच घाबरलो. त्यांनी बाळाला डाव्या हातावर घेतलं आणि विचारलं, "बाळाचं नाव?"

बापानं मोठ्यानं सांगितलं, "आरोही."

पाळकसाहेबांनी पाण्यात बोटं बुडवली, बाळाच्या कपाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "सुमती, मी तुझा बाप्तिस्मा पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने करतो."

नव्या पाळकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पाणी घालून झालं होतं. त्यांच्यात बाप्तिस्मा एकदाच होतो, पुसून पुन्हा करता येत नाही. पाळकसाहेब मात्र आनंदात, बाळाला छातीशी धरून सगळ्यांना दाखवत होते. मला बाईंची फक्त पाठ दिसत होती. ती जराही हलली नाही.

बाहेर मांडवात गोंधळ. बाळाचा बाप म्हणत होता, "यार पप्पा, बॅनर छापलाय, केकवर आरोही लिहिलंय, आता लोकांना काय सांगू?" बाळाची आई रडकुंडीला आली होती. म्हाताऱ्या साळव्यांनी सगळ्यांना गप्प केलं. म्हणाले, "पाळकसाहेबांच्या हातनं पाण्यात पडलेलं नाव आहे ते. घरात आरोही म्हणा, चर्चात सुमती. वाट लागल्यासारखी तोंडं करू नका रे." मग केक कापला. पाळकसाहेबांनी दोन तुकडे खाल्ले.

परतताना लिफ्टमध्ये बाई मला म्हणाल्या, "नलूताई, माझं नाव देऊन टाकलं बघा त्यांनी."

मी म्हटलं, "अहो, तुमचंच नाव तोंडात आलं, यातच काय ते आलं." मला वाटलं मी मोठं शहाणपणाचं बोलले.

पण खरं बाईंचंच झालं. त्या दिवसानंतर पाळकसाहेबांनी त्यांना सुमती म्हटलं नाही. आधी 'अगं' झालं, मग 'अहो बाई'. चहा दिला की म्हणायचे, "कशाला त्रास घेतलात, बाई?" अशा आदबीनं, की त्यांनी एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं की यानं आजाराची चाल मंदावेल, उलटा फिरणार नाही. मुलगी नाशिकहून यायची, रडायची, जायची. मंडळीनं साखळी प्रार्थना ठेवली. चोवीस तास कुणी ना कुणी पाळकसाहेबांचं नाव घेत होतं. मलाही कुणीतरी दुपारची वेळ दिली. मी आमच्या गणपतीसमोर बसून नाव घेतलं. कुणाच्याच हातात काही नव्हतं.

बाईंना एकच गोष्ट हवी होती आणि ती त्यांनी मला स्वच्छ सांगितली. "मला बाकी काही नको. एकदा नावानं हाक मारू देत. मला नावानं बोलवणारं जगात एवढंच माणूस उरलंय, नलूताई. आईवडील गेले, भाऊ गेला. हे विसरले की सुमती नावाचं कुणी नव्हतंच."

त्यांनी एक उपाय करून पाहिला. सकाळी एक मदतनीस मुलगी यायची, ती पाळकसाहेबांना खाली फिरायला न्यायची. बाईंनी छत्री मुद्दाम वर ठेवली आणि खिडकीत उभ्या राहिल्या. मी शेजारी होते. पाळकसाहेब खाली गेटपाशी पोचले आणि थबकले. काखेत हात घालून काहीतरी चाचपलं. मग मान वर करून त्यांनी एवढ्या उंच इमारतीकडे बघितलं. तोंड उघडलं. बाईंनी खिडकीचा गज घट्ट धरला. ते तसेच बघत राहिले, तोंड उघडं ठेवून, आणि मग तोंड मिटून मुलीचा हात धरून चालू लागले. बाई रोज छत्री वर ठेवायच्या. रोज ते थबकायचे. मी पुढं पुढं त्या वेळेला जायचं टाळू लागले, मला ते बघवत नव्हतं.

नाताळ जवळ आला. बाईंनी करंज्या करायला घेतल्या. नको म्हटलं तर ऐकतात थोड्याच. दुपारी मी लाटायला गेले. पाळकसाहेब आतल्या खोलीत झोपलेले, मदतनीस मुलगी जेवायला गेलेली. आम्ही दोघी पोळपाट मांडून बसलो होतो. सारण भरता भरता केव्हातरी ते उठले असणार, आमच्या मागून बाहेर गेले असणार. आम्हाला कळलं नाही. दार ओढून घेतल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ दारावर टकटक झाली. दोनदा.

मी धडपडत उठले. बाहेर लिफ्ट, जिना. म्हटलं, "बाई, साहेब बाहेर गेले!"

बाईंनी माझा हात धरला. पिठाचा हात. "थांबा. लगेच उघडू नका."

"अहो, पण..."

"कुठे जायचे नाहीत. दारात उभे असतील. रोज येतात आता." त्या उठल्या. "दोन मिनिटं द्या मला."

आणि त्या घर आवरू लागल्या. टेबलावरच्या औषधाच्या बाटल्या कपाटात टाकल्या. मोठ्या माणसांच्या डायपरचं पुडकं पलंगाखाली सारलं. खुर्चीवरची ओली चादर आत नेली. त्यांचं जेवणाचं ऍप्रन, नळी लावलेला पेला, सगळं नजरेआड केलं. मग हात धुतले, पदर सारखा केला, आरशात न बघता केसांवरून हात फिरवला आणि दार उघडलं.

ते पाठमोरे उभे होते. शर्टाची बटणं चुकलेली, एक बाजू वर एक खाली. पायात चपला नव्हत्या. काखेत साडीच्या दुकानातली पिशवी होती, आत शास्त्र होतं की आणखी काय ते देव जाणे. ते लिफ्टच्या बंद दाराकडे शांतपणे बघत होते.

"या, पाळकसाहेब," बाई म्हणाल्या.

ते वळले. "सलाम, बाई. अडचणीच्या वेळी आलो नाही ना?"

"नाही. बसा."

ते खुर्चीच्या कडेवर बसले, परक्या घरात बसतात तसे. माझ्याकडे बघून हसले. "आणि या?"

"शेजारीण आहे. नलिनी."

"हां. सलाम." त्यांनी पिशवी मांडीवर ठेवली. "घरात कोण कोण?"

"मी आणि माझे यजमान."

"तुमचं नाव काय, बाई? नाव घेऊन प्रार्थना करायची असते."

बाई म्हणाल्या, "सुमती."

"सुमती," ते म्हणाले. मान हलवली. "चांगलं नाव आहे. या नावाचं माझ्या ओळखीत कुणीतरी आहे." आठवायचा प्रयत्न केला, नाही जमलं, सोडून दिलं. "यजमान कुठं आहेत?"

"बाहेर गेलेत."

"कधी येणार?"

"सांगून गेले नाहीत."

त्यांना ते फार लागलं. म्हणाले, "असं कसं? बाईमाणसाला घरी एकटं ठेवून?" मग डोळे मिटले, हात जोडले. आवाज तोच, चाळीतला, खणखणीत. "हे प्रभू, या घरातल्या सुमतीबाईंचं नाव मी तुझ्यासमोर घेतो. शेजारच्या नलिनीबाईंचं नाव घेतो. सुमतीबाईंचे यजमान घराबाहेर आहेत. ते कुठं आहेत हे आम्हाला ठाऊक नाही, तुला ठाऊक आहे. ते वाट चुकले असतील तर त्यांना वाट दाखव. त्यांना सुखरूप घरी आण. आमेन."

"आमेन," बाई म्हणाल्या. स्पष्ट म्हणाल्या.

पाळकसाहेब उठले. "निघतो मी. आणखी घरं करायची आहेत." आणि ते दाराकडे वळले. मी बाईंकडे बघितलं. दाराला कुलूप लावलं की पाळकसाहेब ते धरून लहान मुलासारखे रडायचे, म्हणून डॉक्टरांनी कुलूप लावू नका म्हटलं होतं. उघडं ठेवावं तर बाहेर जिना. त्यांना अडवायचं कसं हे कुणालाच कळत नव्हतं.

बाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, यजमान येईपर्यंत थांबता का? मला एकटीला करमत नाही."

पाळकसाहेबांनी असल्या विनंतीला आयुष्यात कधी नाही म्हटलं नव्हतं.

"थांबतो की," ते म्हणाले आणि पुन्हा खुर्चीच्या कडेवर बसले. बाईंनी दुसरी खुर्ची ओढली आणि शेजारी बसल्या. मी पोळपाट तसाच टाकून घरी निघाले. पुढच्या महिन्यात ताप छातीत उतरला आणि ते गेले, पण मी त्यांना नीट पाहिलं ते तेव्हाच, माझ्या दारात उभी राहून. समोर दार उघडं होतं. दोघं शेजारी शेजारी बसून, दाराकडे डोळे लावून, घोलप पाळकसाहेबांची वाट बघत होते.